सुईणीची वही

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी उतारा. बोलताना झालेलं थोडं अडखळणं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसं.)

आजचा भाग एका कबुलीजबाबाने सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी गेली आणि सोलापूरचं तिचं घर रिकामं करायचं काम माझ्यावर आलं. सगळ्यांत जास्त सुट्ट्या शिल्लक असलेला मीच होतो. तर स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर कालनिर्णय. एक नाही, ढीगभर. दर जानेवारीला जुन्यावर नवीन लावायचं, जुनं काढायचं नाही, अशी तिची पद्धत. प्रत्येक चौकटीत निळ्या पेनाने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी उभ्या उभ्या पानं उलटली. दूध एक लिटर. दूध नाही. सिलिंडर लावला. बाई आली नाही. गव्हाचं पीठ. आत्याने फोनवर विचारलं, "नीट बघितलंस ना रे सगळं?" मी म्हटलं, "बघितलं. दुधाचे हिशेब आहेत नुसते." आणि ते सगळे कालनिर्णय रद्दीवाल्याच्या काट्यावर गेले.

हे आत्ता का सांगतोय? कारण नंतर काही महिन्यांनी एक पुस्तक वाचलं, आणि माझंच ते वाक्य, 'यात काही नाही', दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसाने दुसऱ्या एका बाईच्या वहीबद्दल जवळजवळ तसंच म्हणून ठेवलंय हे कळलं. त्या बाईचं नाव मार्था बॅलार्ड. आजचा भाग तिच्या रोजनिशीवर.

आधी माणूस कोण ते बघू. मार्थाचा जन्म १७३५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावातला. १७५४ साली एफ्राइम बॅलार्डशी लग्न. नऊ मुलं झाली, त्यातल्या तीन मुली १७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पाने तीन आठवड्यांच्या आत गेल्या. तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. पुढे हे कुटुंब उत्तरेला केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल नावाच्या वस्तीत गेलं. आज तो भाग मेन राज्यात येतो, तेव्हा मेन हे स्वतंत्र राज्यच नव्हतं, ते १८२० साली झालं. नवरा जमिनींची मोजणी करायचा आणि लाकूड कापायची गिरणी चालवायचा. मार्था सुईण होती.

१ जानेवारी १७८५ ला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने रोज लिहायला सुरुवात केली. शेवटची नोंद ७ मे १८१२ ची. सत्तावीस वर्षं, जवळजवळ दहा हजार दिवस. त्यानंतर काही दिवसांत ती गेली. गावाकडच्या वर्तमानपत्रात एका ओळीची बातमी आली: एफ्राइम बॅलार्ड यांची पत्नी, वय ७७. सुईण होती वगैरे काही नाही. वही नसती तर तिच्याबद्दल आपल्याला कळण्यासारखं जवळपास एवढंच उरलं असतं.

आता वहीत काय आहे? इथे अपेक्षा जरा खाली आणा. डायरी म्हटलं की आपल्याला वाटतं, रात्री दिवा लावून मन मोकळं करणारी बाई. तसं अजिबात नाही. हवा कशी होती. नवरा कुठे गेला. कोण आलं, कोण जेवून गेलं. कोणाकडे बाळंतपण, मुलगा की मुलगी. कोबी लावली. कापड विणलं. झालं. मी कामावर सर्व्हरचे लॉग वाचतो, आणि खरं सांगतो, मला पहिल्या दहा पानांत तेच आठवलं. तारीख, वेळ, घटना. भावना शून्य. लॉग असाच असतो, आणि रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडेपर्यंत कोणी तो उघडत नाही.

तिच्या वहीचा आकारही बघण्यासारखा आहे. तिने कागद दुमडून, शिवून स्वतः वह्या केल्या होत्या, त्यात तारखेचा रकाना, वाराचा रकाना, समासाची जागा. त्या काळी छापील पंचांगांच्या मध्ये कोरी पानं घालून त्यावर नोंदी करायची लोकांना सवय होती, आणि दुसरीकडे दुकानदाराची रोजकीर्द. मार्थाची वही या दोन्हींचं लेकरू. म्हणजे पंचांग आणि किराण्याचा हिशेब एकाच कागदावर. आता सांगा, माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल.

समासात ती बाळंतपण नोंदवायची आणि फी मिळाली की तिथे दोन फुल्या मारायची. शिलिंगांत ठरलेली फी. कधी पैसे, कधी साखर, कॉफी, कापड असलं काहीबाही. बाई धंदा करत होती, हे त्या दोन फुल्या सांगतात. आपल्याकडे सुईण म्हटलं की पुण्यकर्म म्हणून धावून जाणारी म्हातारी डोळ्यांपुढे येते. मार्था धावून जायची, गोठलेल्या केनेबेकवरून चालत, बर्फ फुटला की होडीतून, घोड्यावरून पडत-उठत. पण हिशेबही ठेवायची.

१८७० साली तिथल्या ऑगस्टा शहराचा जाडजूड इतिहास लिहिला गेला. लेखक जेम्स नॉर्थ. हे आडनाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. त्याला मार्थाची वही माहीत होती. त्याचं मत असं की नोंदी त्रोटक आहेत आणि काही अपवाद सोडले तर सर्वसाधारण वाचकाला त्यात रस वाटण्यासारखं काही नाही. त्याला एकट्याला दोष नको द्यायला. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकांनीसुद्धा ही वही घरकामाच्या किरकोळ तपशिलांनी भरलेली म्हणून बाजूला सारली होती.

मग लॉरेल थॅचर अलरिक ही इतिहासकार आली. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायची, नंतर हार्वर्डला गेली. तिने या वहीवर सुमारे आठ वर्षं घालवली, आणि १९९० साली 'अ मिडवाइफ्स टेल' हे पुस्तक आलं. पुढच्या वर्षी त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं. तिने काय केलं? लोक ज्याला किरकोळ म्हणत होते तेच मोजायला घेतलं. कंटाळवाण्या ओळी वगळून 'रंजक' तेवढं उचलायचं, असं आधीचे लोक करत होते. तिने नेमकं उलटं केलं.

एक उदाहरण देतो. १७८७ चा ऑगस्ट. ३ ते २४ तारीख, म्हणजे तीन आठवडे. या काळात मार्थाने चार बाळंतपणं केली. एकदा खोट्या कळांसाठी धावली. सोळा वेळा आजाऱ्यांना बघायला गेली. तीन प्रेतं अंत्यविधीसाठी तयार केली. एकीला गोळ्या दिल्या, दुसरीसाठी औषधी पाला खुडून तयार केला आणि नवऱ्याच्या घशाला औषध लावलं. एकेक ओळ वाचली तर हाती काहीच लागत नाही. सगळ्या ओळी एकाखाली एक ठेवल्या की गावात स्कार्लेट फिव्हरची साथ आहे हे दिसतं. आणि त्या गावाची आरोग्यव्यवस्था म्हणजे दवाखाना नाही, डॉक्टर नाही, तर घरोघर फिरणाऱ्या बायकांचं एक जाळं आहे हेही दिसतं. डॉक्टर होते गावात, पण रोजच्या दुखण्याखुपण्याला माणसं आधी या बायकांना बोलवायची.

त्याच साथीत एका घरातला लहान मुलगा गेला. तिथे मार्थाने त्या आईच्या दुःखाबद्दल दोन शब्द जास्त लिहिलेत. एवढेच. पण आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तिने लिहून ठेवलं होतं की आपली मुलगी जाऊन आज सतरा वर्षं झाली, आणि मुलीचं वय, वर्षं आणि महिने. हे दोन दिवस शेजारी ठेवले की ते दोन शब्द कोणाचे आहेत ते कळतं. मला विचाराल तर सबंध पुस्तकातली ही सगळ्यात मोठी जागा आहे, आणि त्यात मार्थाने रडण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आकडे आणखी आहेत. वहीत आठशेच्या वर बाळंतपणं नोंदलेली आहेत. वही सुरू होण्याआधीची धरली तर जवळपास हजार. प्रत्यक्ष बाळंत होताना एकही बाई तिच्या हातून गेली नाही. नंतरच्या दिवसांत पाच गेल्या. हजारात पाच. तुलनेला सांगतो, १९३० साली, म्हणजे मार्थानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, खुद्द अमेरिकेत साधारण दीडशे बाळंतपणांमागे एक आई मरत होती. जंतूंचा शोध लागलेला, इस्पितळं उभी राहिलेली, तरीही. यावरून 'जुनं ते सोनं' असलं काही मी म्हणणार नाहीये, कृपया तशा कमेंट करू नका. पण 'अडाणी सुईणी' हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो तेवढं बघा.

आणि एक आकडा ऐकून मी रेल्वेत मोठ्याने हसलो होतो. १७८५ ते १७९७ या काळात मार्थाने पहिलटकरणींची १०६ बाळंतपणं केली. त्यातली ४० बाळं लग्नाआधी राहिलेली. १०० मागे ३८! आपल्या डोक्यात तो काळ म्हणजे काळे कपडे घातलेले, चर्चमध्ये मान खाली घालून बसलेले लोक. चर्चच्या दप्तरात तसेच दिसतात ते. मार्थाच्या वहीत लग्नाची तारीख आणि बाळंतपणाची तारीख दोन्ही आहेत. वजाबाकी तेवढी करायची.

यात कायद्याचाही एक भाग होता. अविवाहित बाई बाळंत होत असताना सुईणीने तिला बापाचं नाव विचारायचं. कळा सुरू असताना बाई खोटं बोलणार नाही, अशी समजूत. मग पोटगीच्या दाव्यात सुईणीची साक्ष. मार्थाने असं अनेकींना विचारलं. ऑक्टोबर १७९१ मध्ये सॅली पियर्स नावाच्या मुलीला विचारलं, आणि त्या मुलीने नाव घेतलं जॉनथन बॅलार्ड. मार्थाचा स्वतःचा मुलगा. मार्थाने काय केलं? लिहिलं. बाकीच्यांचं लिहायची तसंच. काही महिन्यांनी दोघांचं लग्न झालं, आणि पुढे हीच सॅली तिची सून म्हणून कटकटीची कारण ठरली, तो भाग वेगळा.

आता नॉर्थ. १७८९ साली गावच्या पाद्र्याच्या बायकोने, रिबेका फॉस्टरने, जोसेफ नॉर्थवर बलात्काराचा आरोप केला. जोसेफ नॉर्थ कोण, तर गावातला बडा माणूस, कर्नल आणि वर न्यायाधीश. खटला चालला १७९० मध्ये आणि तो निर्दोष सुटला. मार्थाने निकालाची नोंद करताना सगळ्यांना आश्चर्य वाटल्याचं लिहिलंय. पण त्याआधी एक नोंद आहे, ती मला जास्त बोचली. रिबेकाने हे आधी मार्थालाच सांगितलं होतं, आणि मार्थाने तिला विनवलं होतं की हे कोणाजवळ बोलू नकोस, तुझंच नुकसान होईल. हेही तिने लिहून ठेवलं. स्वतःला चांगलं दाखवायचा मोह असता तर ही ओळ वहीत आलीच नसती. गावाचा इतिहास लिहिणारा जेम्स नॉर्थ त्याच घराण्यातला. त्याला वहीत 'विशेष काही' दिसलं नाही, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

इथे एक फरक सांगून टाकतो, कारण नेहमी विचारलं जातं की आपल्याकडे असं काही नाही का. आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या आठवणी आहेत, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आहेत, आणि ती पुस्तकं अफाटच आहेत. पण ती मागे वळून लिहिलेली. लिहिणारीला शेवट माहीत आहे, काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरलंय. रोजनिशी लिहिणारीला उद्याचं माहीत नसतं. मार्थाने रिबेकाला गप्प बस म्हटलं तेव्हा खटला होणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

बायकांच्या पैशाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते वहीचा खरा ऐवज तिथे आहे. गावच्या कर-यादीत नाव एफ्राइमचं. त्या कागदांवरून कोणी इतिहास लिहिला तर घरात एकच कमावता दिसेल. वहीत काय दिसतं? घरात माग आला. मुली आणि भाची कातताहेत, विणताहेत. शेजारची मुलगी दोन आठवडे विणायला आली, तिच्या बदल्यात हिची मुलगी तिकडे गेली. हिने तिला जवसाचं सूत दिलं, तिने हिला दुसरं काही. पुरुषांच्या व्यवहाराला समांतर असा बायकांचा एक बाजार गावात चालू आहे, त्याची कुठल्याही सरकारी कागदावर नोंद नाही. सासूबाई-आत्याबाईंची भिशी आठवली की नाही? मुली लग्न होऊन गेल्या की हा बाजार बसतो, आणि मार्थाच्या नोंदींत एकदम कामाच्या तक्रारी वाढतात. मदतनीस मुली टिकत नाहीत. म्हणजे 'बाई आली नाही' ही नोंदसुद्धा दोनशे वर्षं जुनी आहे.

१८०४ मध्ये एफ्राइम तुरुंगात गेला. गुन्हा असा काही नाही, कर गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं आणि वसुली पूर्ण भरता आली नाही, म्हणून देणेकरी. दीडएक वर्ष तो आत. मार्था सत्तरीला आलेली. त्या काळातल्या नोंदींत सारखं एकच येतं: जळण नाही, लाकूड फोडायला कोणी नाही. मेनचा हिवाळा आहे हा. देणेकऱ्यांच्या तुरुंगावर कायद्याची पुस्तकं भरपूर मिळतील, पण माणूस आत गेल्यावर घरातल्या चुलीचं काय होतं, ते इथे कळतं.

वही वाचली कशी, हीसुद्धा गोष्ट आहे. मार्थानंतर ती मुलीकडे, डॉलीकडे गेली. तिच्या मुलींनी सांभाळली. त्यांनी १८८४ साली ती मेरी होबार्ट या पणतीच्या मुलीला दिली. मेरी त्याच वर्षी डॉक्टर झाली होती. तोवर वहीची सुटी पानं झाली होती, क्रमही लागत नव्हता. (१८८४ हे साल ऐकून तुमच्याही डोक्यात घंटा वाजली असेल. तेव्हा फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या, आणि १८८६ च्या पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तोही हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दोघींची भेट झाली असं मी म्हणत नाहीये. साल जुळलं, म्हणून सांगितलं.) मेरीने १९३० मध्ये वही मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. पुढे रॉबर्ट आणि सिंथिया मॅककॉसलँड या जोडीने ती सगळी अक्षर लावून उतरवून काढली, त्याला त्यांना दहा वर्षं लागली. आज ती इंटरनेटवर कोणालाही वाचता येते. मूळ हस्ताक्षरावर भिंग फिरवलं की खाली छापील अक्षर दिसतं असं एक साधन त्या साइटवर आहे. तंत्र म्हणून तसं साधंच, पण मी त्यावर अर्धी रात्र घालवली.

तर आता परत सोलापूर.

आजीचं लाकडी फडताळ आम्ही पुण्याला आणलं होतं. गेल्या दिवाळीत ते पुसायला घेतलं तर मधल्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेला कागद निघाला. कालनिर्णयचं पान. सप्टेंबर १९९३. तेलाचे डाग, पण अक्षर शाबूत. महिनाभर रोज दूध '१'. गणपतीच्या दिवसांत '२'. २९ ला छापील अनंत चतुर्दशी, तिथे तिचं काहीच नाही. आणि ३० तारखेच्या चौकटीत: 'पहाटे हादरा. दूध १॥ जादा.'

३० सप्टेंबर १९९३ म्हणजे किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, आदल्या रात्री विसर्जन करून दमून झोपलेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण दीड लिटर जादा दूध कशाला? गणपती तर उठले होते. अलरिकबाईंनी हेच विचारलं असतं, म्हणून मी बाबांना विचारलं.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, अख्खा वाडा अंगणात बसला होता. आत जायची कोणाची छाती होईना, पुन्हा हललं तर? लहान पोरं होती, म्हातारी माणसं होती. आई एकटी आत गेली आणि चहा टाकला. तीनदा गेली. पंचवीस-तीस माणसांचा चहा. आम्ही ओरडत होतो बाहेरून." मी म्हटलं, "हे कधी सांगितलं नाहीत." म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

त्यानंतर आमच्या घरातून कोणी मदतीला किल्लारीकडे गेलं होतं का, वाड्याची भिंत तेव्हाच पडली का, खालच्या बिऱ्हाडाने घर सोडलं ते याच भीतीने का, हे बाबांना आठवत नाही. ते ऑक्टोबरच्या पानावर असणार. ते पान मी काट्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यात होतं.

आत्याच्या घरीही असाच एक खिळा आहे. परवा तिला फोन करून सांगितलंय, काहीही टाकू नकोस. ती म्हणाली, "त्यात काय आहे रे, दुधाचे हिशेब." शनिवारी जातोय, मोबाइलने एकेका पानाचे फोटो काढणार आहे. पुढचा भाग त्यामुळे एक आठवडा उशिरा येईल, सांभाळून घ्या. भेटू.